गडवाटांचे राखणदार गोनीदा

पावसाळ्यातील रविवारी सकाळी पुण्याहून सुटलेली लोकल मळवली स्थानकात थांबली की निम्मी गाडी रिकामी होते. पाठीवर पिशव्या अडकवलेली तरुणाई भाजे गावावरून गायमुख खिंडीकडे आणि तेथून लोहगड-विसापूरकडे निघते. गुरुवारी हेच दृश्य लहान प्रमाणात दिसते, कारण पिंपरी-चिंचवड आणि भोसरी परिसरातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते. यंत्रांच्या घरघरीतून एक दिवस सुटलेला कामगार आणि संगणकासमोरून उठलेला अभियंता एकाच पायवाटेने चढत असतात. ही वाट कोणी राखली, पावसाने खचलेला दगड पुन्हा कोणी बसवला, हा प्रश्न चढताना सहसा कुणाला पडत नाही. ज्यांच्या दुर्गलेखनाच्या तळाशी हा प्रश्न सतत जाणवतो, ते गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजे मराठी वाचकांचे गोनीदा आणि निकटवर्तीयांचे आप्पा, याच लोहमार्गावर काही स्थानके अलीकडे, तळेगाव दाभाडे येथे राहत असत.

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी विदर्भातील परतवाडा येथे झाला. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव. स्वातंत्र्याच्या चळवळीचे वारे त्या काळी शाळकरी मुलांपर्यंतही पोहोचले होते. सातवीत शिकत असताना, वयाच्या तेराव्या वर्षी, गोनीदांनी शाळा सोडली आणि घरही सोडले. त्यानंतर त्यांचे औपचारिक शिक्षण असे झाले नाही. पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार आणि अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळवणाऱ्या या लेखकाच्या शिक्षणाची पहिली पायरी शाळेबाहेर, रस्त्यावर होती आणि तेथील गुरूच्या हातात खराटा होता.

हे गुरू म्हणजे गाडगे महाराज. घर सोडलेला हा मुलगा त्यांच्या सहवासात आला आणि त्यांचा संदेश घेऊन गावोगाव हिंडला. गाडगे महाराजांची रीत ठरलेली होती. गावात शिरायचे, कुणाला निरोप धाडायचा नाही, कुणाला बोलवायचे नाही. थेट वाट झाडायला लागायचे. अंगावर चिंध्यांचा पेहराव केलेला एक अनोळखी माणूस आपला रस्ता झाडतो आहे हे पाहून गावकरी आधी थबकत, मग ओशाळत आणि हळूहळू हातात झाडू, घमेले, फावडे घेऊन बाहेर पडत. गटारे मोकळी होत, खड्डे बुजत, पाणवठ्याभोवतीची घाण हलवली जाई. रात्री कीर्तन होई आणि सकाळ होण्याच्या आत महाराज पुढच्या गावाला निघालेले असत. आदेश नाही, समिती नाही, अधिकारपत्र नाही. तरीही शेकडो हातांचे काम एका सुतात चाले. आज ज्याला समन्वय म्हणतात, त्याचे याहून स्वस्त आणि याहून परिणामकारक उदाहरण महाराष्ट्रात सापडणे कठीण. महाराजांनी यात्रेकरूंसाठी उभारलेल्या धर्मशाळांपैकी देहू आणि आळंदी येथील धर्मशाळा आजच्या उद्योगनगरीच्या अगदी शेजारच्या. गोनीदांनी पुढे गाडगे महाराजांचे चरित्र लिहिले. १९७७ साली पडद्यावर आलेल्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटाशीही त्यांच्या लेखणीचा संबंध होता.

त्यानंतरची वर्षे भटकंतीची आहेत. गोनीदांनी वेदान्ताचा अभ्यास केला, ज्ञानेश्वरी आत्मसात केली, पायी नर्मदा परिक्रमा केली. पंडित सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळात त्यांनी काम केले, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते म्हणूनही ते वावरले. नर्मदेच्या काठाने चालताना आलेल्या अनुभवांतून पुढे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी लिहिली गेली. परिक्रमेची वाट ही कुणा एका खात्याने आखलेली वाट नव्हे. काठावरच्या गावांनी परिक्रमावासीयांना शिधा द्यायचा, रात्रीचा आसरा द्यायचा, पुढची वाट दाखवायची, या शतकानुशतकांच्या रिवाजावर ती टिकून आहे. वाट म्हणजे केवळ जमीन नसून तिच्या काठी राहणारी माणसे होत, ही जाणीव गोनीदांच्या लेखनात पुढे सतत दिसते. तिचे मूळ बहुधा याच प्रवासात असावे.

१९४७ साली गोनीदांनी केवळ लेखनावर जगायचे ठरवले. मराठी लेखकाने त्या काळी असा निश्चय करणे म्हणजे पोटाला चिमटा घेण्याची तयारी ठेवणेच होते. बिऱ्हाड तळेगावात होते. सरसेनापती दाभाड्यांचे हे गाव तेव्हा पैसा फंडाच्या काच कारखान्यासाठी आणि मोकळ्या हवेसाठी ओळखले जाई. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५०च्या दशकात उभा राहिला आणि औद्योगिक वसाहत त्यानंतर पसरली. चाकणला मोटारींचे कारखाने येण्यास अजून कित्येक दशके होती. तळेगावच्या पश्चिमेला मावळ होता, इंद्रायणी आणि पवनेची खोरी होती आणि त्यांच्या माथ्यावर लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची हे किल्ले उभे होते. लेखक म्हणून कच्चा माल शोधायला गोनीदांना लांब जावे लागले नाही.

त्या वेळी या किल्ल्यांची स्थिती काय होती, हे समजून घेतले पाहिजे. मराठेशाहीत प्रत्येक गडाला स्वतःची माणसे होती. हवालदार, सबनीस, कारखानीस वर; घेऱ्यात मेटांवर पहारे देणारे कोळी, रामोशी आणि इतर समाजांचे लोक खाली. त्यांना गडाच्या चाकरीबद्दल जमिनी लावून दिलेल्या असत. गडाची वाट राखणे, झाडोरा तोडणे, टाक्यांतील गाळ उपसणे ही कामे त्या व्यवस्थेत आपोआप होत. १८१८ साली इंग्रजांनी गड घेतले आणि ही सारी व्यवस्था मोडीत निघाली. कित्येक ठिकाणी दरवाजे सुरुंगाने उडवले गेले, खडकात खोदलेल्या पायऱ्या फोडल्या गेल्या. विसापूरचे दरवाजे असेच उद्ध्वस्त झाले. गड राजकारणातून बाद झाला, तशी त्याची वाटही हिशेबातून बाद झाली. उरली ती माचीवर आणि पायथ्याशी राहणारी चार घरे. त्यांना बाजाराला उतरावे लागे, गुरे चारायला चढावे लागे, वर्षातून एकदा गडावरच्या देवाला जावे लागे. म्हणून वाटा जिवंत राहिल्या.

गोनीदांनी या माणसांना नायक केले, हे त्यांचे वेगळेपण. ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी १९५५ सालची. गडाची हवालदारी वडिलोपार्जित चालत आलेला धोंडी आता कुणाचाच चाकर नाही. त्याला पगार नाही, सत्ता नाही. तरीही गडाचे देणे आपल्यावर आहे, असे तो मानतो. सरकार बदलले, राजवट गेली, स्वातंत्र्य आले; पण गडाची सेवा हा त्याच्या घराण्याचा धर्म राहिला. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीवर घडते. मुंबईत आयुष्य घालवलेला बुधा म्हातारपणी शहरातील गजबज सोडून एकटाच माचीवर येऊन राहतो. झाडे लावतो, जनावरांशी-पाखरांशी नाते जोडतो आणि तिथेच देह ठेवतो. ‘वाघरू’चा परिसर राजगडाचा. शिवकालीन कादंबऱ्यांत गोनीदांनी पराक्रमाचे रंग भरले, ‘झुंजार माची’सारख्या कादंबरीने वाचकांना खिळवून ठेवले. मात्र गडाचे खरे दुखणे त्यांना कळले ते धोंडी आणि बुधा यांच्यामुळे. इतिहासातील वीर गडासाठी मरतो. हा साधा माणूस गडाबरोबर जगतो, आणि वाट टिकते ती जगणाऱ्यामुळे.

बोलीची गोष्टही येथे सांगितली पाहिजे. कोकणी, मावळी, वऱ्हाडी, ठाकरी अशा अनेक बोली गोनीदांच्या कादंबऱ्यांतून त्यांच्या लयीसह आल्या. खोलीत बसून हे साधत नाही. माणसाबरोबर वाट चालावी लागते, त्याच्या ओसरीवर भाकरी खावी लागते. ‘जैत रे जैत’मधील ठाकर समाज मराठी प्रेक्षकांपुढे १९७७ साली जब्बार पटेल यांच्या चित्रपटातून आला, त्यापूर्वी तो गोनीदांच्या कादंबरीत आला होता.

इतिहासाने धोंडीवर एक विलक्षण उलटा फेरा आणला. कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर दीड-दोन दशकांतच पवनेवर धरण झाले. १९७०च्या दशकाच्या आरंभी पाणी अडले आणि तुंग-तिकोन्याच्या पायथ्याची शेते, घरे आणि त्यांना जोडणाऱ्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. आज तिकोन्याच्या माथ्यावरून दिसणारा निळा विस्तार हौशी छायाचित्रकारांना मोह घालतो. त्या पाण्याखाली धोंडीचा परिसर आहे, याची आठवण फार थोड्यांना होते. पिंपरी-चिंचवडच्या नळांना मुख्यतः याच धरणाचे पाणी येते. भाक्रा-नांगलच्या धरणावर ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ ही कादंबरी लिहून मानवी कर्तृत्वाचा गौरव करणारेही गोनीदाच होते. विकासाला त्यांनी डोळे मिटून नाकारले नाही आणि त्याची किंमत कोण देतो, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. या दोन टोकांचा मेळ त्यांनी कुठे घातला, असे मात्र म्हणता येत नाही.

कादंबऱ्यांबरोबरच ‘किल्ले’, ‘दुर्गदर्शन’ आणि ‘दुर्गभ्रमणगाथा’ ही पुस्तके आली. गोनीदा वर्षानुवर्षे गडांवर जात राहिले. राजगडावर त्यांचा विशेष जीव होता. तेथे ते पुन:पुन्हा गेले, मुक्काम करून राहिले. कॅमेरा बरोबर असे. ऋतूनुसार बदलणारा गड त्यांना टिपायचा असे. त्यांच्यासोबत जाणाऱ्या तरुणांची संख्या वाढत गेली आणि पुस्तके वाचून स्वतंत्रपणे निघणाऱ्यांची तर त्याहून अधिक. पुणे-मुंबईतील कित्येक भटक्यांच्या सामानात पुढे ‘दुर्गभ्रमणगाथा’ हे पुस्तक असे. गडावर जाणे हा एक संस्कार आहे, तेथे मौज करायची ती गडाच्या मर्यादेत राहून, हा भाव त्यांच्या लेखनातून महाराष्ट्रभर पसरला.

येथेच एक पेच निर्माण झाला. ज्या वाटा वाचकांना दाखवल्या, त्या वाटांवर वाचकांची पावले पडू लागली. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस काही हजार मिलिमीटरच्या हिशेबात कोसळतो आणि तोही चार महिन्यांत. डोंगरउतारावरची पायवाट ही पाण्याला उतरायला सोयीची पन्हळ असते. एकदा पाणी वाटेने वाहू लागले, की माती जाते, दगड उघडे पडतात, घसारा तयार होतो. चालणारे घसारा टाळून कडेने चालतात, मग कडेचे गवत मरते आणि वाट रुंदावते. नागमोडी वळण टाळून सरळ खाली उतरणारा प्रत्येक जण पाण्यासाठी नवा ओहोळ खोदत असतो. उपाय मोठा नाही. वाटेवर ठराविक अंतराने तिरके दगड बसवून पाणी बाजूला काढायचे, आडवाटा काट्याकुट्यांनी बंद करायच्या, सैल झालेली पायरी पावसाळ्यानंतर लगेच बसवायची, कारवीचे रान वाटेवर झुकले असेल तेवढेच छाटायचे. काम सोपे आहे, पण ते दरवर्षी करावे लागते, आणि दरवर्षीचे काम कुणा एकाच्या नावावर लिहिलेले असावे लागते.

जगात इतरत्र हा प्रश्न कसा सोडवला गेला, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत ॲपलेशियन पर्वतरांगेतून साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट काढण्याची कल्पना बेंटन मॅकाय यांनी १९२१ साली मांडली. १९३७ साली ती वाट सलग पूर्ण झाली. त्या वाटेची देखभाल सुमारे तीस स्थानिक मंडळे करतात. प्रत्येक मंडळाला वाटेचा एक तुकडा नेमून दिलेला असतो. मध्यवर्ती संस्था आणि सरकारी खाती त्यांच्यात मेळ घालतात. या पद्धतीत मेटकऱ्यांना जमिनी लावून देणाऱ्या मराठी राज्याच्या पद्धतीची छाया दिसली, तर नवल वाटू नये. तुकडा नेमून देणे, हेच दोन्हीचे मर्म.

महाराष्ट्रात स्थिती गुंतागुंतीची आहे. लोहगड-विसापूर हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात, राजगड राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे, डोंगरउतार बव्हंशी वनखात्याचे, पायथा ग्रामपंचायतीचा आणि वाटेतील एखादी पडीक जमीन खासगी. तटबंदी कुणाची हे नकाशावर सांगता येते. तटापर्यंत नेणाऱ्या वाटेची जबाबदारी मात्र अनेकदा या सर्वांच्या मध्ये पडते. संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांमुळे काही गावांना या कामात अधिकृत स्थान मिळाले. स्वयंसेवी मंडळांनी टाकी उपसली, कचरा उतरवला, पायऱ्या मोकळ्या केल्या. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थेचे कार्यकर्ते वाट चुकलेल्यांना आणि दरीत पडलेल्यांना बाहेर काढण्याचे जोखमीचे काम करतात. यांतील कित्येकांना गडाची गोडी लागली ती गोनीदांच्या पुस्तकांमुळे. हौसेच्या श्रमदानाचेही काही धोके असतात. पुरातत्त्वदृष्ट्या जपायचा दगड अजाणता हलवला जातो, सिमेंट वापरले जाते, नको तिथे झाडे लावली जातात. त्यामुळे परवानगी, जाणकाराची देखरेख आणि गावकऱ्यांचा सहभाग यांची सांगड घालणे हाच या कामातील कळीचा भाग ठरतो.

गोनीदांची ओळख संस्थाचालकाची नव्हती. वाटांच्या देखभालीचा आराखडा देणे हा त्यांच्या लेखनाचा हेतू नव्हता. धोंडीला पगार कोणी द्यावा आणि बुधानंतर माचीवर कोणी राहावे, हे प्रश्न त्यांच्या कादंबऱ्यांनी उघडे ठेवले. त्यांच्या दुर्गप्रेमात भावनेचा अंश अधिक होता, असा आक्षेप घेता येईल आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु निर्मनुष्य म्हणून सोडून दिलेल्या किल्ल्यांवर माणसे राहतात, त्या माणसांना वाट कळते आणि शहरातून येणाऱ्याने आधी त्यांना विचारावे, ही गोष्ट मराठी मध्यमवर्गाच्या मनावर त्यांच्याइतकी कुणी बिंबवली नाही. वनखात्याच्या समित्यांत गावकऱ्यांचा सहभाग कागदावर येण्याच्या कितीतरी आधी तो त्यांच्या कादंबऱ्यांत आला होता.

मानसन्मान उशिरा का होईना, आले. ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनात्मक कादंबरीला १९७६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८१ साली अकोला येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. वऱ्हाडातून पळून गेलेला मुलगा वऱ्हाडातच अध्यक्ष म्हणून परतला, हा योगायोग त्या वेळी अनेकांना भावला असणार. कन्या वीणा देव आणि जामात विजय देव यांनी त्यांच्या कादंबऱ्यांचे जाहीर अभिवाचन करण्याची प्रथा पाडली. वाचनाची सवय सुटलेल्या अनेक शहरी श्रोत्यांपर्यंत धोंडी आणि बुधा या वाचनांतून पोहोचले.

१ जून १९९८ रोजी गोनीदांचे निधन झाले. मावळात त्या सुमारास पेरणीपूर्व मशागत उरकत आलेली असते आणि डोंगरवाटांवर पहिल्या पावसाची वाट पाहणारी धूळ असते. त्यानंतरच्या काळात चाकण-तळेगाव पट्ट्यात औद्योगिक वसाहती वाढल्या, द्रुतगती मार्ग झाला, लोकलची गर्दी दुणावली. लोहगडाच्या पायथ्यापर्यंत मोटारी जाऊ लागल्या. राजमाचीला लोणावळ्याहून सुमारे पंधरा किलोमीटर चालत जाण्याची जुनी पद्धत असली, तरी त्या मार्गावर आता वाहनांचाही वावर असतो. काजव्यांच्या हंगामात उधेवाडीला शहरी पाहुण्यांची रीघ लागते. गावातील घरे त्यांना जेवण आणि मुक्काम देतात. बुधाच्या माचीवर रोजगार आला, हे चांगलेच झाले. त्याबरोबर प्लास्टिकही आले.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्य म्हणून १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. यांपैकी ११ महाराष्ट्रातील आणि जिंजी हा तमिळनाडूतील. गोनीदांचा लाडका राजगड त्या यादीत आहे, मळवलीच्या माथ्यावरचा लोहगडही आहे. धोंडीचा पवनाकाठ आणि बुधाची राजमाची त्या यादीत नाहीत. तेथील वाटा अजूनही गावकरी आणि सुट्टीच्या दिवशी घमेले-फावडे घेऊन जाणारी काही मंडळे यांच्याच भरवशावर आहेत.